भाद्रपदातला बिघाड

दर भाद्रपदात टिकल्या वेड्यासारख्या वागायला लागतात, हे बावधनच्या त्या प्रयोगशाळेत आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. एरवी शहाण्यासारख्या काम करणाऱ्या टिकल्या गणपती बसले की एकेक करून ‘माझी मोजणी बिघडली’ असा संदेश धाडू लागायच्या. भिंतीवरच्या नकाशात पुणे, कोल्हापूर, मराठवाडा, वऱ्हाड असे पट्टेच्या पट्टे लाल होत जायचे आणि आठवड्याभरात तितक्याच मुकाट्याने परत हिरवे व्हायचे. बाप्पा आले की आपले सेन्सर सुट्टीवर जातात, असं कौस्तुभ म्हणायचा. पहिल्या वर्षी लोक त्यावर हसले होते. दुसऱ्या वर्षी त्या प्रकाराला नाव पडलं, भाद्रपदातला बिघाड. आणि या तिसऱ्या वर्षी त्याचा कायमचा बंदोबस्त करायचं काम शर्वाणी मानवतकरकडे आलं होतं.

बंदोबस्ताचा प्रोग्राम तयार होता. हवेतली ओल आणि घाम यांमुळे मोजणी चुकते, असा सगळ्यांचा समज होता. या दिवसांत आकडे चढले तर त्यांच्याकडे टिकलीने लक्षच द्यायचं नाही, तक्रारही करायची नाही, एवढंच तो प्रोग्राम सांगणार होता. संध्याकाळी तो राज्यातल्या लाखो टिकल्यांमध्ये फोनवाटे जाऊन बसणार होता. त्यासाठीच शर्वाणीची रजा नामंजूर झाली होती. तिकडे परभणीला आज घरी महालक्ष्म्या येणार होत्या आणि इकडे ती आलेखांसमोर डबा उघडून बसली होती.

टिकली हे बायकांनीच पाडलेलं नाव. कागदोपत्री तिला दुसरं लांबलचक नाव होतं, पण औषधाच्या दुकानातही ते कुणी घेत नसे. ती होती गर्भनिरोधक पॅच. दंडावर, पाठीवर, पोटावर किंवा कमरेखाली चिकटवायची, दर आठवड्याला बदलायची. असे तीन आठवडे झाले की चौथा मोकळा सोडायचा, म्हणजे त्यात पाळी येते. पूर्वीची पॅचसुद्धा हेच करायची, पण ती आंधळी होती. तिच्यातली दोन संप्रेरकं, इस्ट्रोजन आणि प्रोजेस्टिन, त्वचेतून झिरपत रक्तात जायची. किती गेली ते पाहणारं कुणी नसायचं. अंगाला तेल लागलेलं असलं तर कडा सुटून कमी जायची. तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर जास्त जायची. नव्या टिकलीच्या पोटाला केसाहून बारीक सुया होत्या. पेशींच्या मधल्या पाण्यात त्या इस्ट्रोजन किती आहे ते मोजायच्या आणि टिकली त्याप्रमाणे आपला नळ कमीजास्त करायची.

हे मोजणं चैनीखातर नव्हतं. इस्ट्रोजन वाढलं की यकृत रक्त गोठवणारे पदार्थ जास्त बनवायला लागतं. निरोगी बाईला बहुतेक वेळा ते निभावून जातं. गरोदरपणात हाच धोका पॅचपेक्षा जास्त असतो. पण पस्तिशी ओलांडून सिगरेट ओढणारी, डोळ्यांपुढे लखलखाट होऊन डोकं उठणारी, रक्तदाब चढलेली, नुकतीच बाळंत झालेली, किंवा आधी कधी गाठ झालेली बाई आली तर डॉक्टर टिकली देतच नसत. ज्यांना देत त्यांनाही बजावून सांगत, एकाच पायाची पोटरी दुखली-सुजली, छातीत कळ आली, दम लागला, एकाएकी दिसेनासं झालं, तर वाट बघत बसू नका.

आणि मोजणारं यंत्रच बिघडलं तर काय, याचाही विचार बनवणाऱ्यांनी केला होता. खोट्या आकड्याला घाबरून टिकलीने नळ बंद केला तर बाईला नको असलेले दिवस जायचे. म्हणून नियम असा घातला होता, की टिकलीतून जाणं शक्यच नाही इतकं इस्ट्रोजन दिसायला लागलं तर सेन्सर बिघडला असं समजावं आणि ठरलेला डोस तसाच चालू ठेवावा. नियम शर्वाणीला पहिल्या दिवसापासून पटला होता. तो कुणालाही पटला असता.

डबा उघडून पहिला घास घेते तोच परभणीहून वहिनीचा फोन आला.

अवंती तिच्या भावाची, तुषारची बायको. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात अभियंता होती आणि शहराच्या नव्या जलवाहिनीचं काम नुकतंच तिच्या हाती आलं होतं. नणंद-भावजयीचं छान जमायचं. पण आज अवंतीचा आवाज दबलेला होता आणि मागे कुठेतरी पिठाची चाळणी आपटत होती.

“वन्सं, एक विचारते, हसू नकोस. ती टिकली फोनवर सारखी ओरडते, तिचं तोंड बंद कसं करायचं?”

“कुणाची टिकली?”

“माझीच. दुसऱ्या कुणाची?”

शर्वाणीला हे नवीन होतं. मग अवंतीने भराभर सांगितलं. दीड वर्ष झालं होतं. कमरेखाली मागच्या बाजूला लावते, तिथे कुणाचं लक्ष जात नाही. तुषारला माहीत आहे. आईंना सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं, म्हणजे तुषारने ठरवलं होतं, कारण त्यांच्या लेकीला, ओवीला, भाऊ नाहीतर बहीण कधी आणता हा आईंचा रोजचा विषय होता आणि अवंतीला ही जलवाहिनी पुरी होईपर्यंत दोन वर्षं हवी होती. कालपासून फोन दर तासाला ‘मोजणी बिघडली’ म्हणून किणकिणत होता, आणि एवढं कोण बोलावतंय तुला, असं आईंनी सकाळीच विचारलं होतं.

शर्वाणीला हसू आलंच. तो आमचा दरवर्षीचा बिघाड आहे, काळजी करू नकोस, संध्याकाळपर्यंत आपोआप गप्प बसेल, असं तिने सांगितलं. फोनवरचा आवाज कुठून बंद करायचा तेही सांगितलं. अवंतीने सुटकेचा श्वास टाकला. फोन ठेवता ठेवता म्हणाली, की बाई गं, आता जरा बसते, काल सकाळपासून उभी आहे, डावी पोटरी अशी धरलीय की पाय टेकवत नाही. आई तेल चोळून देते म्हणाल्यात.

शर्वाणीने डबा बाजूला सारला.

“फक्त डावी? बघ बरं दोन्ही शेजारी शेजारी धरून.”

थोडा वेळ नुसती चाळणी ऐकू आली. मग अवंती म्हणाली, डावी जाड दिसतेय. गरम पण लागतेय हाताला.

टिकली लावणाऱ्या बाईची एक पोटरी सुजलेली, आणि त्याच बाईच्या टिकलीला इस्ट्रोजन भलतंच जास्त दिसतंय. शर्वाणीने दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवल्या. तिने विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का. अवंती म्हणाली, छे, सर्दीचंसुद्धा नाही.

“काहीच नाही? नीट आठव.”

“नाही गं. गोळ्या तेवढ्या घेतेय, पण ते काही औषध नव्हे.”

“कसल्या गोळ्या?”

“अगं, आपल्या. पुढे ढकलायच्या. आईंनी दिल्यात, दरवर्षी देतात तशा.”

त्या गोळ्या शर्वाणीला चांगल्या माहीत होत्या. देवघराच्या खणात, कापूर आणि वातींच्या शेजारी त्यांची पाकिटं असायची. महालक्ष्म्यांच्या दिवसांत घरातल्या कुणा बाईची अडचण येऊ नये म्हणून आई त्या पूजेच्या सामानाबरोबरच आणायची. बारावीत असताना तिलाही दिल्या होत्या, आणि पाण्याचा पेला हातात धरून आई समोर उभी राहिली होती, ती गिळेपर्यंत. डॉक्टरला विचारावं असं कुणाच्या डोक्यातही येत नसे. निरांजन घासणं, रांगोळी काढणं, तसंच ते एक काम होतं.

आणि त्या गोळीबद्दलची एक गोष्ट तिने पदवीच्या दुसऱ्या वर्षाला परीक्षेत लिहिली होती. गोळीतलं संप्रेरक असतं प्रोजेस्टिनच्या जातीचं, पण शरीरात गेल्यावर त्याचा थोडासा भाग इस्ट्रोजनमध्ये बदलतो. दिवसातून तीन-तीन गोळ्या घेतल्या तर तो थोडासा भाग थोडासा राहत नाही. अवंतीच्या टिकलीची मोजणी बिघडलेली नव्हती. टिकली खरं बोलत होती. इस्ट्रोजन दुसऱ्या वाटेने आत येत होतं, आणि टिकलीतून इतकं जाणं शक्यच नाही म्हणून बनवणाऱ्यांनी तिला स्वतःवरच अविश्वास ठेवायला शिकवलं होतं. म्हणून ज्या दिवसांत नळ बारीक करायला हवा, नेमक्या त्याच दिवसांत ती पूर्ण डोस सोडत होती.

हे सगळं वहिनीला समजावायला वेळ नव्हता. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते, असं तिने सरळ सांगितलं. चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. टिकली आत्ता काढून टाक, गोळी घेऊ नकोस, पाय चोळू देऊ नकोस आणि सोनोग्राफी होते अशा दवाखान्यात जा.

“आज आवाहन आहे, शर्वाणी. बायका यायला लागल्यात. उद्या जेवणं उरकली की जाते.”

“उद्या नाही.”

“मग आईंना काय सांगू?”

तुषार केळीचे खांब आणायला बाजारात गेला होता आणि फोन उचलत नव्हता. घरात गाडी चालवणारं दुसरं माणूस म्हणजे आईच. शाळेतून निवृत्त झाल्यावर हट्टाने शिकली होती. शर्वाणीच्या मनात आलं, आपणच आईला फोन करावा, दोन वाक्यांत सांगून मोकळं व्हावं. पण ते वहिनीचं होतं. तिच्या अंगावरचं, तिच्या घरातलं.

“मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “तू सांग. पण आत्ता, मी फोनवर असताना. पाच मिनिटांत तू बोलली नाहीस तर मात्र मी बोलेन.”

फोन तसाच हातात धरून अवंती चालू लागली असावी, कारण चाळणीचा आवाज मागे पडला आणि ओवी ताटली वाजवत होती तो जवळ आला. मग तिचा आवाज आला, ऑफिसात कंत्राटदाराशी बोलते तसा, एका दमात. “आई, मी टिकली लावते. दिवस राहू नयेत म्हणून. दीड वर्ष झालं. आणि तुम्ही दिलेल्या गोळ्यापण घेतल्या. आता पाय सुजलाय, शर्वाणी म्हणते गाठ असेल.”

ताटली थांबली. कुणीतरी ओवीच्या हातातून ती घेतली असावी. मग फोनवर आई आली.

“गोळ्यांनी झालं का गं हे?”

आईला दुखवू नये म्हणून काहीतरी गुळमुळीत बोलता आलं असतं. “दोन्ही मिळून, आई,” शर्वाणी म्हणाली. “नुसत्या एकीनं बहुतेक झालं नसतं.”

“बरं,” आई म्हणाली. मग फोन बाजूला धरून अवंतीला, “तुझ्या गळ्याला फास लावला होता का मी, सांगायला काय झालं होतं तुला? आता रडायलीस कशाला, चपला घाल.” अवंती मुहूर्ताचं काहीतरी पुटपुटली. किल्ल्या खुळखुळल्या. “थांबतील महालक्ष्म्या दारात,” आई म्हणाली. “माहेराला आलेल्या लेकी आहेत त्या. घरात काय चाललंय ते त्यांना कळतंय.”

फोन बंद झाला. शर्वाणी उठून थेट सरनाईक मॅडमच्या खोलीत गेली.

डॉक्टर सरनाईक प्रयोगशाळेच्या प्रमुख. चाळिशी उलटलेल्या, बोलायला थोड्या, आकड्यांच्या बाबतीत निष्ठुर. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, वहिनीला दवाखान्यात पाठवलं ते बरं केलंस म्हणाल्या, आणि मग नकारार्थी मान हलवली. एक बाई, तीही तुझ्या घरची. ओलीचं अनुमान दोन वर्षं तपासलेलं आहे. एवढ्यावर संध्याकाळचा प्रोग्राम थांबवता येणार नाही. पुरावा आण.

पुरावा होता, फक्त त्याच्याकडे कुणी त्या नजरेने पाहिलं नव्हतं. शर्वाणीने तीन वर्षांच्या सगळ्या बिघाडांचा आलेख पडद्यावर काढला आणि खाली पंचांग जोडलं. ज्या प्रयोगशाळेत हवामानखात्याचे, विजेचे, फोनच्या मनोऱ्यांचे आकडे जोडून झाले होते तिथे पंचांग कुणी जोडलं नव्हतं. भाद्रपदातला मोठा डोंगर गौरींच्या दोन-चार दिवस आधी चढत होता आणि विसर्जनाला उतरत होता. हे तिला अपेक्षित होतं. तिचं लक्ष गेलं ते बाकीच्या वर्षात विखुरलेल्या बारक्या उंचवट्यांकडे, ज्यांना ते सगळे आजवर किरकोळ गोंगाट म्हणत आले होते. त्यांतला जवळजवळ प्रत्येक लग्नाच्या दाट तिथीवर बसत होता. पौषात एकही नव्हता.

दुपारी सगळ्यांना बोलावून तिने हे दाखवलं. कौस्तुभने लगेच आक्षेप घेतला, आणि आक्षेप चांगला होता. सणाला माणसं चुलीपाशी असतात, घाम येतो, ओल वाढते. तिथीशी नातं असलं म्हणून कारण गोळ्याच कशावरून?

“वैशाखात परभणीला ओल कुठून आणणार?” शर्वाणी म्हणाली. “आणि घामच असता तर कोकणात बिघाड सर्वांत जास्त दिसायला हवा. बारा महिने चिकचिक असते तिथे. सण-लग्नं सोडली तर वर्षभर कोकणातल्या टिकल्या चोख आहेत.”

कौस्तुभ आलेखाकडे बघत राहिला. मग म्हणाला, पण टिकली देताना प्रत्येकीला विचारतो ना आपण, कोणती औषधं घेता म्हणून. सगळ्यांनी ‘नाही’ असं सांगितलंय. इतक्या सगळ्या बायका खोटं बोलल्या?

शर्वाणीने जरा विचार केला आणि टेबलाभोवतीच्या बायकांकडे वळून विचारलं, की गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी कुणी संप्रेरकाचं एखादं औषध घेतलं आहे का. जीवरसायन, संख्याशास्त्र, सगळ्या विभागांच्या होत्या. एकीचाही हात वर गेला नाही.

“बरं. सणासाठी, लग्नासाठी, पूजेसाठी पाळी कुणी पुढे ढकलली?”

आधी संख्याशास्त्रातल्या मुलीचा हात वर गेला, तोही खांद्यापर्यंतच. मग तिच्या शेजारचीचा. मग खिडकीपाशी बसलेल्या दोघींचा एकदम, आणि त्या एकमेकींकडे बघून हसल्या. पुरुषमंडळी गोंधळून इकडेतिकडे पाहत होती. कौस्तुभच्या चेहऱ्यावरून तर असं दिसत होतं की आपल्याही घरात असं काही चालतं का, हे तो मनातल्या मनात तपासतोय. शेवटी टेबलाच्या टोकाला सरनाईक मॅडमनी चष्मा काढून ठेवला आणि हात वर केला.

“सोमवारपासून घेतेय,” त्या म्हणाल्या. “आज घरी गौरी आहेत माझ्या.”

उत्तर तीन वर्षं याच खोलीत बसून चहा पीत होतं आणि बाहेर सगळे हवेतली ओल मोजत होते. त्यांच्यातली कुणीही खोटं बोलली नव्हती. विचारणाऱ्यांनी औषधाचं विचारलं होतं, आणि पूजेच्या सामानाला कुणी औषध म्हणत नाही.

“संध्याकाळचा प्रोग्राम थांबवा,” मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात आईचा फोन आला. शर्वाणीने तो सगळ्यांसमोरच घेतला, बाहेर जाण्याइतका धीर तिच्यात नव्हता. डाव्या पोटरीतल्या शिरेत गाठ निघाली होती. गुडघ्याच्या वर गेलेली नव्हती. रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन सुरू झालं होतं आणि वेळेत आलात असं डॉक्टर म्हणाले होते. आई पुढे काय बोलत होती, तुषार कसा धापा टाकत आला, ओवी कशी नर्सला ताटली मागत होती, ते शर्वाणीला नीट ऐकूच आलं नाही. तिने फोन ठेवला, खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कौस्तुभने पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली आणि लाल झालेल्या नकाशाकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, “चल. बाकीच्या वहिन्या राहिल्यात.”

मग कामाला तोंड लागलं. टिकलीचा जुना नियम उलटवायचा होता. आकडा कितीही अशक्य वाटला तरी आधी तो खरा धरायचा, नळ बारीक करायचा आणि मगच शंका घ्यायची. ते कौस्तुभने घेतलं. लाल झालेल्या टिकल्यांच्या मालकिणींना संदेश धाडायचा होता, तो शर्वाणीकडे आला. तुमच्या गर्भनिरोधक पॅचसोबत या गोळ्या घेऊ नका, असं पहिलं वाक्य कुणीतरी लिहून दिलं होतं. तिने ते खोडलं. हा संदेश स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडलेल्या फोनवर उमटणार होता, आणि पहिली नजर कुणाची पडेल याचा भरवसा नव्हता. शेवटी संदेश असा गेला: सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेत असाल तर पुढची गोळी घेण्याआधी आम्हाला फोन करा. एक पाय दुखत किंवा सुजत असेल तर चोळू नका, तडक दवाखान्यात जा. टिकलीचा त्यात शब्द नव्हता. सासूने वाचला तरी चालणार होतं. खरं तर सासूने वाचलेला हवाच होता.

पहिल्या अर्ध्या तासात फोनची घंटा थांबेना. डॉक्टर, रसायनवाले, आकडेवाले, जे हाताशी होते ते सगळे फोनवर बसले. डॉक्टर सांगत, बाकीचे लिहून घेत. बायका कुजबुजत बोलत होत्या, गच्चीवरून, न्हाणीघरातून, शेजारणीच्या घरून. बहुतेकींना काही झालेलं नव्हतं, गोळी बंद करून नेमकं काय करायचं एवढंच त्यांना हवं होतं. काहींचे पाय दुखत होते. त्यांना डॉक्टरांनी एकेक करून जवळच्या दवाखान्यात धाडलं आणि पोचल्याचा फोन येईपर्यंत सोडलं नाही. साताऱ्याहून एका सासूबाईंचा फोन आला तो सरनाईक मॅडमनी घेतला. सुनेला गोळी मी दिली, तिच्या अंगावर ती तुमची टिकली आहे की नाही हे आता तिला विचारू कसं, असा त्यांचा सवाल होता. टिकलीचं विचारू नका, पाय दुखतो का ते विचारा, असं मॅडमनी सांगितलं. थोड्या वेळाने बाईंचा पुन्हा फोन आला. पाय दुखत नाही म्हणते, आणि टिकली आहे, तिनेच सांगितलं.

दिवेलागणीपर्यंत दवाखान्यात धाडलेल्या सगळ्या पोचल्या होत्या. अवंतीसारख्या गाठी आणखी काहीजणींना निघाल्या. एकही गाठ छातीपर्यंत पोचू शकली नाही. हे कळलं तेव्हा खोलीत टाळ्या वाजल्या, आणि मग सरनाईक मॅडम पर्स उचलून म्हणाल्या, की घरी गौरी दारात खोळंबल्यात माझ्या, आणि आता मला गोळीही घ्यायची नाही, तेव्हा बघू काय होतं ते.

पुढच्या काही महिन्यांत टिकली बदलली. आता ती देताना औषधांचं विचारून झाल्यावर, सणासुदीला पुढे ढकलता का, असं साध्या शब्दांत वेगळं विचारतात. आणि फोनवर एक नवी खूण आली आहे. ज्यांना डॉक्टरांची हरकत नाही त्यांनी ती दाबली की चौथा आठवडा मोकळा न सोडता पुढची टिकली लावायची, पाळी आपोआप पुढे जाते. गोळीची गरजच नसते. खरं म्हणजे टिकली लावणाऱ्या एकीलाही ती कधीच नव्हती. टिकली आहे हे घरात सांगता येत नव्हतं, एवढ्यासाठी त्या वर्षानुवर्षं दोन-दोन डोस पचवत होत्या.

वर्षभराने शर्वाणी भाद्रपदात परभणीला आली. या वेळी रजा मागावी लागली नाही, मॅडमनीच जायला सांगितलं. अवंतीची रक्त पातळ करायची औषधं उन्हाळ्यातच संपली होती. इस्ट्रोजन असलेलं काहीही तिला आता आयुष्यभर चालणार नव्हतं, तिने तांबी बसवून घेतली होती. आईला सांगून. जलवाहिनीचं पाणी शहराच्या पूर्वेकडे पोचलं होतं आणि त्या भागातल्या बायका रस्त्यात तिला थांबवून चहाला बोलावत होत्या. ओवीला भाऊ-बहीण आणायचा विषय आई अजूनही काढायची, पण आता अवंती तोंडावर ‘अजून एक वर्ष’ म्हणायची आणि आई बोटावर मोजून ‘बघ हं’ म्हणायची. आईने माफी मागितली नव्हती. तुषारशी मात्र ती महिनाभर बोलली नव्हती. तुला सगळं माहीत होतं आणि तू माझ्यासमोर तिला गोळी गिळू दिलीस, एवढंच म्हणाली होती.

आवाहनाच्या दिवशी दारापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावलं उमटवून झाली. गल्लीतल्या बायका जमल्या. ओवी ताटली-चमचा घेऊन सज्ज होती. ज्येष्ठेचा मुखवटा ताम्हनात घेऊन आई उंबऱ्याबाहेर उभी राहिली, कनिष्ठेचा दरवर्षी सुनेने घ्यायचा. अवंती मागच्या खोलीतून आली ती उंबऱ्याबाहेर येऊन थबकली.

“आई, माझी आत्ताच आली,” ती म्हणाली. कुजबुजली नाही. “गोळी मला आता चालत नाही. शर्वाणीला घेऊ द्या.”

एक-दोघींनी पदर सावरले. शर्वाणी पुढे झाली नाही. हा निर्णय तिचा नव्हता. आईने मुखवट्याकडे पाहिलं, मग देवघराकडे, आणि तिचा चेहरा असा काही झाला की शर्वाणीला वाटलं, आता ही नाहीच म्हणणार. आई या घरात आली त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली होती आणि त्यांतल्या एकाही भाद्रपदात असं झालं नव्हतं. पाळी जाईपर्यंत दरवर्षी तिने स्वतःही ती गोळी गिळलेली होती.

“गेल्या साली तुझ्यासाठी त्या दारात थांबल्या,” शेवटी आई म्हणाली, “तेव्हा काही रागावल्या नाहीत त्या. आता कशाला रागावतील.”

तिने कनिष्ठेचा मुखवटा उचलून अवंतीच्या ओंजळीत ठेवला.

“नीट धर. पितळी आहे, जड लागेल.”

ओवीने ताटली वाजवायला सुरुवात केली आणि अवंतीने डावं पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं.